निरीक्षकाची सही

"अशी ताठ का बसलीस गं?" वहिनीनं रिक्षात विचारलं.

"पाठ दुखतीये."

पाठ कसली दुखतीये! कुर्त्याच्या आत, कमरेला, ओढणीच्या गाठीत मी आमच्या दुकानातली दोन वजनं बांधली होती. लोखंडी. एक-एक किलोची. हसा, हसा आत्ता. शिवाय वर सव्वा लिटर पाणी पिऊन घेतलं होतं, त्यामुळे सांगलीच्या प्रत्येक स्पीडब्रेकरला माझा जीव दोनदा जायचा. एकदा वजनं एकमेकांवर आपटून वाजतील म्हणून, आणि दुसऱ्यांदा कशासाठी ते तुम्हाला कळलंच असेल.

वहिनी मात्र मजेत होती. नवा आकाशी कुर्ता, मांडीवर पर्स, आणि घरापासून विश्रामबागेपर्यंत तोच प्रश्न तिसऱ्यांदा.

"मॅडम आज एक तारखेचं पक्कं सांगतील न्हवं?"

"सांगतील की."

"तिथं साडीच नेसायला लागंल का ड्रेस चालंल?"

"वहिनी, नोकरी आहे ती. साखरपुडा नाही."

"तू गप. तुझं काय, तू पेशंट. मी स्टाफ होणार."

थांबा, असं मधूनच सांगितलं तर कळायचं नाही तुम्हाला. मी तेव्हा बावीसची. पुण्यात इंजिनिअरिंग करत होते, म्हणजे करत नव्हते, थर्ड इयरचे चार विषय राहिले, वर्ष गेलं, हॉस्टेल सोडून घरी येऊन बसले. आळशी, बेफिकीर, मोबाईलवेडी, सगळं म्हणून झालं होतं सगळ्यांचं. मग दादाच्या एका मित्रानं हेरवाडकर मॅडमचं नाव सुचवलं. मनोविकारतज्ज्ञ, स्वतःचा खाजगी दवाखाना. दोन-तीन वेळा बोलावून, शाळेची प्रगतिपुस्तकं मागवून, आईला तासभर प्रश्न विचारून त्यांनी सांगितलं की ही आळशी नाहीये, हिला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष एका जागी टिकत नाही, लहानपणापासूनच असणार. मी तिथंच रडले. आनंदानं, खरंच.

गोळी सुरू झाली. अठरा मिलिग्रॅमची.

"ही अंदाजानं वाढवायची नसते," मॅडम म्हणाल्या. "अठरा, मग छत्तीस, लागलीच तर चोपन्न. प्रत्येक पायरीला थांबून बघायचं. पल्स सारखा शंभराच्या वर जायला लागला किंवा वजन उतरत राहिलं तर मी गोळी वाढवणार नाही, उलट कमी करीन. आणि चंदना, तुझ्या एकटीच्या सांगण्यावर मी काही ठरवणार नाही. घरचं एक माणूस पाहिजे. रोज बघणारं आणि रोज लिहिणारं."

त्यांनी एक छापील तक्ता दिला. गोळी किती वाजता घेतली, पल्स सकाळी, पल्स दुपारी, जेवण, झोप, चिडचिड, आणि खाली 'निरीक्षकाचं नाव आणि सही'.

आई म्हणाली मला आकडे नका सांगू. बाबा आणि दादा दिवसभर हळदीच्या दुकानात. राहिली वहिनी. त्रिशला वहिनी, तेव्हा सत्तावीसची असेल, माहेर गडहिंग्लजकडचं, तिकडच्या बायका 'मी करतो, मी जातो' असंच बोलतात, तशी बोलणारी. घरात तिला कधी कुणी सही मागितली नव्हती. तिनं तो कागद उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाली, "म्हणजे मी हिचा निरीक्षक?"

"हो."

"मग आता माझ्यासमोर नीट राहायचं."

आणि बाई जी सुरू झाली! दुपारी बरोबर दीड वाजता स्वयंपाकघरातल्या घड्याळाखाली मला उभी करायची, मनगटावर तीन बोटं ठेवायची, आणि पूर्ण साठ सेकंद मोजायची. मी म्हणायचे, अर्धा मिनिट मोज आणि दुप्पट कर ना, सगळे करतात. तर म्हणे, "अर्ध्यात एक ठोका चुकला तर दुप्पट चूक होते. आम्हाला सिस्टर असंच शिकवल्या होत्या." कारण तिनं नर्सिंगचं एक वर्ष केलं होतं. मग स्थळ आलं, लग्न झालं, दादा म्हणाला पुढचं नंतर बघू, आणि ते नंतर काही आलं नाही.

आता नोकरीचं काय ते सांगते. अठरावर तीन आठवडे झाले आणि माझं वजन एक्कावन्नचं एकोणपन्नास झालं. मॅडम तक्ते बघत होत्या, म्हणाल्या, भूक कमी होतीये, विचार करायला हवा. वहिनी शेजारी बसली होती, ती म्हणाली, "मॅडम, एक विचारू का? चुकलं तर सांगा."

"विचारा ना."

"आम्ही जैन. आमच्यात सूर्य मावळल्यावर जेवत न्हाईत. हिची गोळी नऊला असते. दिवसभर भूक मेलेली, आणि औषध उतरून भूक लागते रात्री आठला. तवर सासूबाईंनी स्वयंपाकघर बंद केलेलं असतं. ही पाणी पिऊन झोपते. मग वजन गोळीनं उतरतंय का घड्याळानं? गोळी सकाळी सहालाच दिली तर संध्याकाळच्या ताटापर्यंत भूक येईल का?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"हे मला सुचायला पाहिजे होतं," त्या म्हणाल्या. मग, "तुमचं शिक्षण काय झालंय?"

वहिनीनं सांगितलं. आणि मॅडम म्हणाल्या की त्यांना अगदी असं माणूस हवं होतं, गोळ्या बदलत असलेल्या पेशंटच्या घरी दर आठवड्याला फोन करायचा, तक्ते भरून घ्यायचे, काही वेगळं दिसलं तर लगेच कळवायचं. सकाळी दहा ते दोन. एक जूनपासून. "घरी विचारा. पुढच्या वेळी पक्कं करू."

त्या दिवशी वहिनी रिक्षात बसलीच नाही, आम्ही चालत घरी आलो. दादा 'बघू' म्हणाला, आई 'चार तासच ना' म्हणाली, बाबा म्हणाले 'जाऊ दे की'. वहिनीनं दोन कुर्ते शिवायला टाकले. गोळी सहाला सुरू झाल्यावर मी संध्याकाळी सव्वासहाला, उजेडात, दोन-दोन भाकरी खायला लागले, आणि वहिनी ते तक्त्यात लिहायची तेव्हा तिचं तोंड बघण्यासारखं असायचं.

मग छत्तीस सुरू झाली.

छत्तीसवर मला काय झालं सांगू? मी आयुष्यात पहिल्यांदा एक धडा उघडला आणि तोच धडा संपवला. मध्ये उठले नाही, कपाट आवरलं नाही, कुणाला फोन केला नाही. सकाळी सात ते एक, सलग. तुम्हाला काय वाटणार त्याचं, तुम्हाला जन्मापासून येतं ते. पण दीड-दोननंतर ते सुटायला लागायचं, आणि चौदा मेपासून माझे पेपर, चारही विषय, शेवटची संधी. मला वाटलं, छत्तीसला एवढं, तर चोपन्नला केवढं! अख्खा दिवस मिळेल.

पण तक्त्यात काय होतं? दुपारचा पल्स एकशे आठ. एकशे बारा. 'संध्याकाळी ताट ढकललं.' 'हात थरथरतात.' 'सासूबाईंना उलट बोलली, मग रडली.' वजन साडेसत्तेचाळीस. सगळं खरं.

मी तिला एकदा म्हटलंसुद्धा, "वहिनी, जरा कमी लिही ना."

"कमी म्हणजे?"

"म्हणजे नव्वद वगैरे."

ती हसली. तिला वाटलं मी चेष्टा करतीये. "मग मोजायचा कशाला? घरात बसून लिहितो की नव्वद."

मग मी काय केलं, कोरा तक्ता झेरॉक्स करून आणला, दोन आठवड्यांचे दोन कागद, आणि वाचनालयात बसून भरले. चौऱ्याऐंशी. अठ्ठ्याऐंशी. ब्याऐंशी. मध्ये एक त्र्याण्णव, खरं वाटावं म्हणून. जेवण 'व्यवस्थित'. दोन वेगवेगळी पेनं. आणि खाली तिची सही. ती आधी दुकानाच्या बिलामागं वीसेक वेळा गिरवली होती. अभ्यासात नसते इतकी एकाग्र झाले होते बघा. तिचे खरे कागद घडी करून गादीखाली ठेवले.

दहा तारखेला अपॉइंटमेंट. सकाळची गोळी वहिनीनं दिली ती मी जिभेखाली धरली आणि बेसिनमध्ये थुंकली, म्हणजे दवाखान्यात पल्स शांत लागेल. पाणी प्यायले. वजनं बांधली. झालं, आता तुम्ही रिक्षात माझ्या शेजारी आहात.

दवाखान्यात फोन घेणाऱ्या, वजन बघणाऱ्या कदम काकूंनी काट्यावर उभं केलं. पन्नास पॉइंट सहा.

"अरे वा, भरलीस की गं!" काकू म्हणाल्या.

वहिनीनं काट्याकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. तिला काही जुळेना. पण तेवढ्यात आत बोलावलं.

मॅडमनी पल्स बघितला. ब्याऐंशी. बीपी चांगलं. फाइल उघडली, मी दिलेले कागद पसरले. वहिनी माझ्या डावीकडं, टेबलाजवळ अगदी टोकावर बसलेली, पर्स घट्ट धरून. कागद तिच्या बाजूनं उलटे होते, आणि ती नोकरीचं बोलणं कधी निघतंय याच्या नादात मॅडमच्या तोंडाकडंच बघत होती.

"छान आहे," मॅडम म्हणाल्या. "पल्स ताब्यात, वजन वाढलंय. पेपर चौदापासून ना? मग चोपन्न करून बघायला..."

आणि थांबल्या. फाइलला आतून एक चिठ्ठी स्टेपल केलेली होती. कदम काकूंच्या अक्षरात.

"त्रिशला, मंगळवारी तुम्ही फोन केला होतात? 'दुपारी पल्स ११८, काळजी वाटते, डॉक्टरांना कळवा'?"

मला माहीतच नव्हतं. तिनं मला न सांगता फोन केला होता.

"हो मॅडम," वहिनी म्हणाली.

"पण इथे मंगळवारी शहाऐंशी लिहिलंय तुम्ही."

वहिनीनं पहिल्यांदा कागदाकडं नीट बघितलं. वाकून, मान तिरकी करून. माझे कान इतके तापले की मला वाटलं त्यांचा आवाज येईल. मॅडम तिच्याकडं बघतायत, ती कागदाकडं बघतीये, आणि अजून दोन सेकंदांत ती म्हणणार, हे माझं अक्षर न्हवं.

आणि मी बोलले. कुणी मला विचारलंही नव्हतं.

"मॅडम, वहिनीला नीट मोजता येत नाही. ती मध्येच आकडा विसरते. म्हणजे, मनापासून करते ती, पण... मग मी तिला परत मोजायला लावते, तेव्हा बरोबर येतो. मंगळवारी पण तसंच झालं. तिनं आधी घाबरून फोन केला असणार. नर्सिंग तिनं एकच वर्ष केलंय ना, तेही अर्धवट."

तेही अर्धवट. हे पण म्हणाले मी. गरज नव्हती त्याची.

वहिनीची नजर कागदाच्या खालच्या कोपऱ्यात होती, सहीवर. मग तिनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही हो. रागानं बघितलं असतं तर मला आज हे सांगायला इतकं जड गेलं नसतं. दीड वाजता घड्याळाखाली बघायची ना, तसंच बघितलं. मोजल्यासारखं.

"हां मॅडम," ती म्हणाली. "माझंच चुकलं. मोजताना मध्ये कुकरची शिट्टी झाली की आकडा हुकतो."

"मग फोन करण्याआधी परत मोजायचा होता ना?"

"हो. मोजायला पाहिजे होता."

मॅडम ओरडल्या नाहीत. त्या खूप चांगल्या आहेत, खरं सांगते. त्यांनी चष्मा काढला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "त्रिशला, तुम्हाला वाईट वाटू देऊ नका. पण तीसेक पेशंट आहेत माझे असे. लहान मुलं आहेत त्यात. तिथे एका आकड्यावर मी गोळी वाढवते किंवा थांबवते. तुम्ही हिच्यासाठी करताय ते करत राहा. एक तारखेचं मात्र... आपण सध्या राहू देऊ."

"बरोबर आहे मॅडम," वहिनी म्हणाली. पर्सची चेन तिनं उघडली, परत लावली. "लहान मुलं आहेत म्हटल्यावर बरोबरच आहे."

मॅडमनी चोपन्न लिहून दिली, दहा दिवसांची, आणि पल्स दिवसातून तीनदा बघायला सांगितला. मला सांगितला. "तू स्वतः बघ," म्हणाल्या.

बाहेर आलो. औषधाच्या दुकानात चिठ्ठीची एक प्रत ठेवून घेतात, ती दिली, गोळ्या घेतल्या, रिक्षा केली. मार्केट यार्डाच्या वळणावर रिक्षावाल्यानं असा ब्रेक मारला की माझी गाठ सुटली, आणि ठण्ण! एक वजन रिक्षाच्या पत्र्यावर. मागोमाग दुसरं.

रिक्षावाला वळून म्हणाला, "काय पडलं ओ ताई?"

"काही न्हाई दादा, चला तुम्ही," वहिनी म्हणाली. वाकून तिनं दोन्ही वजनं उचलली, पर्समध्ये ठेवली. पर्स बंद होईना. तशीच मांडीवर धरून बसली.

"बाबा सकाळपासून शोधतायत ही," एवढंच म्हणाली.

मी रडायला लागले. "वहिनी, मी घाबरले गं एकदम. मला काही सुचेना."

"सही घाबरून केलीस?"

मी ओढणीची सुटलेली गाठ परत बांधायला लागले.

"सही ठरवून केलीस. बोललीस घाबरून. तेवढं मला कळतं."

"मग तू का नाही सांगितलंस तिथं? सांगायचं होतंस ना!"

"आणि मग? मॅडमनी गोळीच बंद केली असती तुझी. परीक्षा चार दिवसांवर." ती रस्त्याकडं बघत होती. "पुण्यासनं आलीस तेव्हा तू दोन महिने खोलीतनं बाहेर आली न्हवतीस, चंदू. तुझं ताट मी उंबऱ्यावर ठेवत होतो. मला परत ठेवायचं न्हाई ते."

घराजवळ आल्यावर तिनं रिक्षा आधीच थांबवली आणि माझा हात धरला. "परीक्षा होऊ दे. मग मॅडमना जाऊन खरं सांग. एक तारखेच्या आत. त्यांना माणूस लागणारच आहे. मी थांबतो तोवर."

"नक्की सांगते," मी म्हणाले. "आईची शपथ."

"शपथ नको. सांग फक्त."

चोपन्न मी तीन दिवस घेतली. तिसऱ्या दिवशी, म्हणजे पेपरच्या आदल्या दिवशी, अकरा वाजता माझ्या छातीत असं काही धडधडायला लागलं की पुस्तकातली अक्षरं त्या ठोक्यावर हलायला लागली. घाम. हाताचे तळवे गार. मी स्वयंपाकघरात गेले. वहिनीनं गॅस बंद केला, बोटं ठेवली, साठ सेकंद.

"एकशे बत्तीस. बस खाली. फोन लाव मॅडमना."

"तू लाव ना."

"मी लावला तर म्हणतील कुकरची शिट्टी झाली असंल."

ती टोमणा मारून नव्हती बोलली, सांगते. खरंच तिला वाटत होतं की तिनं फोन केला तर कुणी लक्ष देणार नाही आणि वेळ जाईल. मी लावला, स्पीकरवर. काकूंनी लगेच मॅडमना दिला.

"मॅडम, पल्स एकशे बत्तीस आहे. घाम येतोय."

"छातीत दुखतंय? चक्कर?"

"नाही. नुसतं धडधडतंय."

"कुणी मोजला?"

बघा आता. एवढीशी जागा होती, पण होती. वहिनीनं मोजला, आणि तिचा प्रत्येक आकडा पहिल्यापासून बरोबर होता, एवढंच म्हणायचं होतं. ती समोर उभी होती. तिचा हात अजून माझ्या मनगटावर होता.

"मी," मी म्हणाले. "मीच मोजला."

"गुड. आता आधी जवळ कुठेही जाऊन ईसीजी काढ आणि मला पाठव. उद्यापासून परत छत्तीस. आणि बरं झालं, स्वतः मोजायला शिकलीस."

वहिनीनं हात काढून घेतला, गॅस परत पेटवला आणि दादाला हाक मारली की हिला दवाखान्यात घेऊन जा.

ईसीजी ठीक निघाला. छत्तीसवरच पुण्याला जाऊन पेपर दिले. शेवटचा चोवीस मेला झाला, आणि नंतर कळलं, चारपैकी तीन सुटले, चौथा पुढच्या खेपेला सुटला. म्हणजे चोपन्नची गरजच नव्हती. ते जाऊ दे.

चोवीस ते एकतीस. सात दिवस. पंचवीसला दवाखान्याला सुट्टी. सव्वीसला मी विश्रामबागेपर्यंत गेले आणि दवाखान्यासमोरच्या दुकानात उसाचा रस पिऊन परत आले. सत्तावीसला म्हटलं फोनवरच सांगू. अठ्ठावीसला म्हटलं फोनवर कसं सांगायचं, प्रत्यक्षच सांगायला पाहिजे. एकोणतीसला मला वाटलं मॅडम आता माझ्यावर कधीच विश्वास ठेवणार नाहीत, दुसरा डॉक्टर सांगलीत कुठून आणायचा. तीसला मी मेसेज लिहिला, सगळा, लांबलचक, आणि पाठवला नाही. एकतीसला मी झोपून राहिले.

वहिनीनं या सात दिवसांत एकदाही विचारलं नाही. तक्ता भरत होती. सही करत होती.

एक तारखेला संध्याकाळी, अजून उजेड होता, आम्ही सगळे जेवायला बसलो होतो. वहिनी वाढत होती. दादा एकदम म्हणाला, "अगं, आजपासून होतं ना तुझं ते दवाखान्याचं?"

तिनं माझ्याकडं विचारल्यासारखं बघितलंसुद्धा नाही. भाकरी दादाच्या ताटात ठेवली आणि म्हणाली, "त्यांनी दुसरी मुलगी घेतली. मला जमलंही नसतं. आकडे चुकतात माझे."

"मी म्हणतच होतो," दादा म्हणाला.

आई म्हणाली, "बरं झालं, उन्हाचं रोज कोण जाणार."

मी खात होते. भूक लागली होती हो, औषध उतरलं होतं, तिनंच लावून दिलेल्या वेळेला. मी दोन भाकरी खाल्ल्या.

नंतर ती गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढत होती, मी टोपली घेऊन गेले. ते दोन नवे कुर्ते पण होते दोरीवर. तिनं ते काढले, घडी घातले. मग कपड्यांकडंच बघत म्हणाली, "मॅडमना सांगायचं होतं तुला."

मी दोरीवरचे चिमटे काढून टोपलीत टाकायला लागले.

"विसरलीस व्हय?"

तुम्हाला माहितीये, मॅडमनी निरीक्षकाला भरायला दिलेल्या लक्षणांच्या यादीत विसरणं अगदी वर होतं, 'ठरवलेली कामे विसरणे', त्याच्यापुढं वहिनीनं पहिल्या दिवशी स्वतःच्या हातानं खूण केली होती. मी किल्ल्या विसरते, फॉर्मची तारीख विसरते, गॅस चालू विसरते. पण हे मी एक मिनिटही विसरले नव्हते. त्या सात दिवसांत सकाळी डोळा उघडला की पहिलं तेच.

"हो," मी म्हणाले. "विसरले गं वहिनी."

"असू दे," ती म्हणाली, आणि टोपली माझ्या हातातून घेतली. "तुझा काय दोष त्यात. आजारच तसला आहे."